वकिली सोडलेली लेखणी

कायद्याचें ज्ञान पत्रकारास कवच होतें कीं ओझें, हा प्रश्न आम्हांस पुष्कळदां पडतो. नरसिंह चिंतामण केळकर यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. १८७२ सालीं मोडनिंब येथें जन्मलेल्या केळकरांनीं एल्‌एल्‌. बी. होऊन साताऱ्यास वकिली आरंभिली. परंतु १८९६ सालीं ते पुण्यास टिळकांकडे आले. तेथें लॉ क्लासाबरोबर 'मराठा' पत्राचें कामहि त्यांच्याकडे आलें.

१९०८ सालीं राजद्रोहाच्या खटल्यांत टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यासंबंधीं लिहिल्यावरून केळकरांस मुंबई हायकोर्टानें कोर्टाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरविलें. कोणी म्हणेल, मग कायदा शिकून काय साधलें? आम्हांस उलट वाटतें. वकील एका अशिलाची बाजू मांडतो. संपादकाचें अशील म्हणजे सारा वाचकवर्ग. न्यायालयांत काय घडलें, हें त्यास जाणत्यानें न सांगितल्यास कोणीं सांगावें? कायद्यानें केळकरांस वांचविलें नाहीं खरें. पण जोखीम ओळखून लिहिणें आणि अजाणतां लिहिणें यांत मोठें अंतर आहे.

मराठवाड्यांतील शिरूर अनंतपाळ १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होतें. तेथें कचेऱ्यांची भाषा उर्दू. ती न जाणणाऱ्या मराठी कुणब्यास स्वतःच्याच दाव्याचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. कायदा मायबोलींत उलगडणाऱ्या लेखणीचें मोल अशा गांवीं उभें राहून पाहावें. जो न्याय समजत नाहीं, तो मिळाला तरी आपला वाटत नाहीं.