वाट पाहण्याची जागा: धर्मशाळेपासून विमानतळाच्या लाउंजपर्यंत

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. विमानतळाच्या लाउंजमध्ये कोणी कोणाला सोबत न्यावं, लहान मुलांचं काय, तिथे वागावं कसं, यात कसला आला इतिहास? पण 25 डिसेंबर 2025 पासून पनवेल-उरणच्या पट्ट्यातून विमानं उडू लागली आहेत. रेवस, मांडवा, अलिबाग, मुरुड इथल्या घरांमध्ये आता हा प्रश्न खरोखर विचारला जातो: ‘कार्ड एक आहे, माणसं चार आहेत, आत किती जणांना सोडतील?’ आम्हाला वाटतं, या प्रश्नामागे निदान शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. प्रवासी वाट कुठे पाहतो आणि त्याला आत घ्यायचं की नाही हे कोण ठरवतं, असा तो इतिहास आहे.

सुरुवात धर्मशाळेपासून करू. घाट उतरून कोकणात येणारा किंवा बंदरावर जाणारा माणूस रात्री कुठे टेकायचा? देवळात, ओळखीच्यांच्या ओटीवर, नाहीतर धर्मशाळेत. धर्मशाळेची कल्पना मोठी सुंदर होती. बांधणारा पुण्यासाठी बांधायचा आणि येणारा दमलेला आहे एवढीच त्याची पात्रता. तो कोणाचा पाहुणा? कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा. त्याच्याबरोबर पोरंबाळं किती, हे मोजत कोणी बसत नसे. पण ही अर्धीच गोष्ट झाली. दाराशी वय विचारत नसत, जात मात्र विचारत. जो सगळ्यांचा पाहुणा, त्या ‘सगळ्यां’मध्ये गावाचा मोठा भाग धरलेलाच नव्हता.

ही भिंत कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा हलली ती 4 ऑगस्ट 1923 रोजी. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव त्या दिवशी मंजूर झाला. तो आपल्याला पाणवठ्यांसाठी आठवतो. पण ठरावात विहिरी आणि पाणवठ्यांच्या जोडीला धर्मशाळांचाही उल्लेख आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या या जागा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असं तो सांगतो. शाळा, कचेऱ्या आणि दवाखानेही त्यात आहेत. म्हणजे बघा, सार्वजनिक पैसा आणि खुलं दार यांची गाठ तिथे बांधली गेली. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी त्याला धरून ठराव केला. तो कागदावर राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर चालत गेली. कोर्टातलं भांडण 1937 साली हायकोर्टात संपलं. हे सगळं आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात घडलं.

आता मुलांकडे येऊ. वाट पाहण्याच्या जागेतल्या मुलांबद्दल बोलायचं तर आधी मसूर स्टेशनची आठवण काढायला हवी. 1901 सालची गोष्ट. छोटा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं कोरेगावला वडिलांकडे निघाली होती. अंगावर नवे कपडे, हातात तिकिटं. घ्यायला कोणी आलं नाही, म्हणून मुलं थांबली. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. पण मुलाने जात सांगितली आणि मास्तरचा चेहरा बदलला. तो आपल्या खोलीत निघून गेला, मुलं होती तिथेच उभी राहिली. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवलं. तिकीट खरं होतं, पैसे भरलेले होते, तरी ती मुलं ‘आतली’ झाली नाहीत. आणि लक्षात घ्या, दारावरचा नियम काय असतो हे त्या मुलांना कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्यांनी तो वाचला. हा मुद्दा आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

आगबोट आणि रेल्वे आली आणि दारावर नवा प्रश्न आला: वर्ग कुठला? कोकणच्या आगबोटीत बहुतेक चाकरमानी डेकवरचे. वळकटी पसरायची, बोचकं उशाला घ्यायचं आणि मुलांना मधे निजवायचं. वरच्या वर्गाची जागा वेगळी. रेल्वेतही तेच: वरच्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये वेताच्या खुर्च्या, आणि तिसऱ्या वर्गासाठी पत्र्याचं छप्पर, तेही असलं तर. तिसऱ्या वर्गाच्या हालांवर गांधीजींनी 1917 साली लिहिलं, ते याच अनुभवातून. जातीच्या जागी तिकीट आलं, हा फरक लहान नव्हता. तिकीट विकत घेता येतं, जात घेता येत नाही. पण माणसं वेगळी बसवायची सवय मोडली नाही.

याच काळात आपल्या घराघरात एक नवी कला जन्माला आली: हाफ तिकिटाची! एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट, पाचच्या आत काहीच नाही. मग काय, कंडक्टर जवळ आला की सात वर्षांचं पोर मांडीवर बसून पाचाच्या आतलं व्हायचं. आपण हसतो, कारण आपण सगळ्यांनी हे पाहिलंय. लाउंजच्या दारात आज जे चालतं त्याची पूर्वपीठिका इथे आहे.

रेल्वेच्या इतिहासातलं एक पान मात्र उजळ आहे आणि ते कोकणी आहे. तिसरा वर्ग 1974 साली संपला, पण दुसऱ्या वर्गाच्या फळ्या लाकडीच राहिल्या. राजापूरचे खासदार मधू दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्या फळ्यांवर फोमच्या गाद्या बसवायला सुरुवात झाली. विचार साधा होता: पहिल्या वर्गाची गादी काढायची नाही, दुसऱ्या वर्गाला द्यायची. आम्हाला वाटतं, लाउंजबद्दल बोलताना हे सूत्र हाताशी असावं.

आता प्रत्यक्ष लाउंजकडे वळू. विमान कंपनीचं पहिलं लाउंज म्हणून जे सांगितलं जातं ते 1939 सालचं, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरचं. अमेरिकन एअरलाइन्सने त्याला नाव दिलं ‘ॲडमिरल्स क्लब’. ॲडमिरल म्हणजे आपल्या भाषेत सरखेल! कान्होजी आंग्र्यांनी सरखेल हा किताब समुद्रावर झुंजून मिळवला. इथे कंपनी आपल्या आवडत्या गिऱ्हाइकांना तो वाटत होती. प्रवेश फक्त निमंत्रणाने, म्हणजे ठरवणार कंपनी. पुढे यात भेदभाव होतो अशी तक्रार झाली आणि वर्गणी भरून सभासद होण्याची सोय आली. म्हणजे तिथेही आधी कृपा आणि मग किंमत, असाच क्रम.

आपल्याकडे लाउंज मध्यमवर्गापर्यंत पोचलं ते विमानाच्या तिकिटाने नाही, बँकेच्या कार्डाने. दारात दोन रुपये कापले जातात आणि आत इडली, उपमा, कॉफी. लोक म्हणतात ‘फुकट’. फुकट नाही हो! तुमच्या प्रत्येक प्रवेशाचे पैसे बँक किंवा कार्ड कंपनी लाउंजवाल्याला माणशी मोजते. ते पैसे तुमच्या वार्षिक शुल्कातून आणि खर्चातून आलेले असतात. म्हणून तर गर्दी वाढल्यावर अनेक बँकांनी अट घातली, की मागच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केली असेल तरच प्रवेश.

हा माणशी हिशेब कळला की पाहुण्यांचे नियम आपोआप कळतात. बहुतेक कार्डांवर मोफत प्रवेश फक्त कार्डधारकाचा असतो. सोबतच्या माणसाचे पैसे वेगळे, किंवा त्याच्याकडे स्वतःचं जोडकार्ड हवं. विमान कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतल्या सभासदाला बहुधा एक पाहुणा नेता येतो. एअर इंडिया ज्या स्टार अलायन्समध्ये आहे, तिथे सुवर्ण श्रेणीला एक पाहुणा चालतो, पण त्यानेही त्याच संघातल्या विमानाने प्रवास करायला हवा. सोडायला आलेला मेहुणा चालत नाही. मुलांचं म्हणाल तर अनेक ठिकाणी दोन वर्षांच्या आतलं बाळ मोजत नाहीत, कारण विमानातही ते मांडीवरच असतं. त्यापुढचं मूल म्हणजे एक माणूस. कुठे सवलतीत, कुठे पूर्ण दरात. थांबायची वेळही दोन-तीन तासांची. प्रत्येक लाउंजचा आणि कार्डाचा नियम निराळा, म्हणून घरून निघण्याआधी तो वाचावा हे बरं.

गंमत अशी, की हा हिशेब एकट्या माणसासाठी आखलेला आहे. ब्रीफकेस घेऊन कामाला निघालेला एक गृहस्थ डोळ्यांसमोर ठेवून तो केला. आपण प्रवास करतो कुटुंबाने. म्हसळा-श्रीवर्धनकडचा माणूस आखाती देशात निघतो तेव्हा निरोपाला अर्धी वाडी असते. एका कार्डावर एक माणूस, हे गणित अशा घराच्या दारात अडतं. मग कोणाला आत न्यायचं? आजीला की नातवाला? आणि बाबा एकटेच आत जाऊन कॉफी पिऊन आले तर?

इथे शिष्टाचाराचा प्रश्न येतो. त्यासाठी परदेशी पुस्तक उघडायची गरज नाही, आपल्याकडे पंगत आहे. पंगतीचे नियम आठवा. खाल तेवढंच वाढून घ्या, पान टाकू नका. पुढच्या पंगतीची माणसं उभी आहेत, म्हणून जेवण झाल्यावर रेंगाळू नका. मुलांना आधी वाढा, आणि त्यांनी धिंगाणा घातला तर शेजारच्या काकांनी डोळे वटारायच्या आत आईबापांनी आवरा. लाउंजमध्ये हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. एका माणसाने चार खुर्च्यांवर बॅगा ठेवू नयेत. मोबाइलवरचं कार्टून मुलाने कान झाकणाऱ्या हेडफोनवर बघावं. डब्यात भरून काहीही बाहेर नेऊ नये. आणि ज्यांना शांतता हवी त्यांनीही लक्षात ठेवावं, की मूल रडतं तेव्हा ते नियम मोडत नसतं.

पण पंगतीबरोबर मराठीने आणखी एक शब्द दिला आहे: पंक्तिभेद. एकाच ओळीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं. आपल्या संतपरंपरेने आणि सुधारकांनी ज्याला सर्वांत जास्त नावं ठेवली, त्यातला हा एक. लाउंज म्हणजे पंक्तिभेद का? आमचं उत्तर असं: कोणी जास्त पैसे देऊन मऊ खुर्ची घेतली, तर तो पंक्तिभेद नव्हे. साध्या पानावर मीठही वाढायचं राहिलं, तर तो पंक्तिभेद. बाहेरच्या दालनात बसायला जागा नाही, पाणी परवडत नाही, बाळाला पाजायला आडोसा नाही, म्हणून माणसं लाउंजकडे धावत असतील, तर दोष लाउंजचा कमी आणि दालनाचा जास्त. डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला आणि दहा रुपयांत चहा, दहा रुपयांत पाणी मिळू लागलं. दंडवत्यांच्या गादीची ही धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही.

आणि रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न जास्त टोचतो. ज्या जमिनीवर हा विमानतळ उभा आहे तिथे चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी गावं नांदत होती. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, त्यात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचं नेतृत्व दि. बा. पाटलांनी केलं आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचा वाटा 74 टक्के आणि सिडकोचा 26 टक्के आहे. म्हणजे बोले ठरावाच्या भाषेत विचारायचं, तर ही जागा सार्वजनिक किती आणि खासगी किती? लाउंज खासगी असेल, मान्य. पण पाणी, बसायची जागा, स्वच्छतागृह, बाळाची खोली आणि निरोपाला आलेल्यांसाठी सावली ही धर्मशाळेची वाटणी आहे. ती मागायला कार्ड लागू नये. आणि ती मागण्याचा पहिला हक्क, ज्यांची घरं त्या धावपट्टीखाली गेली त्यांचा.

शेवटी मुलांपुरतं एक सांगतो आणि थांबतो. लाउंजच्या दारात ‘याचं वय किती?’ असं विचारलं की आपण मुलाकडे बघून डोळा मारतो. पोर चार वर्षांचं, आपण सांगतो दोन. पैसे वाचतात. पण मसूरच्या स्टेशनवर जसं झालं तसंच इथेही होतं. मूल मोठ्या माणसाचा चेहरा वाचतं. तिथे त्याने अन्याय वाचला, इथे ते लबाडी वाचेल. तेव्हा दर विचारा, परवडला तर भरा. नाही परवडला तर सगळे मिळून बाहेरच्या दालनात बसा, डबा उघडा, चौघांत वाटून खा. ते दालन चांगलं नसेल तर तक्रारवही मागा आणि मुलासमोर तक्रार लिहा. वाट पाहण्याच्या जागा या किनाऱ्यावर अशाच, कोणीतरी मागितल्या म्हणून खुल्या झाल्या आहेत.

आता प्रश्न घेऊ.