वैशालीचा अस्थिकरंडक आणि पाटण्याची संग्रहालये

कुसिनारा येथे तथागतांचे महापरिनिब्बाण झाल्यावर अस्थिधातूंसाठी चोहोबाजूंनी मागण्या आल्या, आणि मल्लांनी त्या प्रथम नाकारल्या. कलह पेटण्याची वेळ आली असता दोण नावाच्या ब्राह्मणाने मध्यस्थी करून आठ समान भाग केले. त्यांपैकी एक भाग वेसालीच्या लिच्छवींना मिळाला व त्यांनी त्यावर स्तूप उभारला, असे महापरिनिब्बाण सुत्त सांगते. पूज्य बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अस्थींवरून झालेल्या या कलहाची हकिगत आवर्जून दिली आहे. क्षमेची शिकवण देणाऱ्या शास्त्याच्या अस्थींसाठी रक्त सांडावे, हे दोणाला असह्य वाटले. आमच्या मते त्या प्रसंगाचा गाभा हाच आहे.

या आठ भागांपैकी लिच्छवींचा भाग शोधून काढण्याचा मान एका मराठी पुराविद्यापंडिताकडे जातो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर हे कोल्हापूर जिल्ह्यातले. राष्ट्रकूटांचा इतिहास व प्राचीन नाणी हे त्यांचे अभ्यासाचे विषय. उत्तरायुष्यात ते पाटण्याच्या काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेचे संचालक होते. या संस्थेने 1958 साली वैशालीत उत्खनन हाती घेतले. नागपूरच्या धम्मदीक्षेस तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. ते काम 1962 पर्यंत चालले.

एका लहानशा उंचवट्याखाली मातीचा स्तूप निघाला. मूळ स्तूप थरांवर थर रचून केलेला, सुमारे आठ मीटर व्यासाचा. पुढील शतकांत विटांचा वापर करून तो चार वेळा वाढविला गेला होता. त्याच्या पोटात मऊ दगडाचा एक तडकलेला करंडक होता. आत राखमिश्रित माती, एक छोटा शंख, काचेचे दोन मणी, सोन्याच्या पत्र्याचा लहानसा तुकडा आणि ठसे उमटविलेले एक तांब्याचे नाणे, एवढाच ऐवज. रत्ने नाहीत, मूर्ती नाही. लेखही नाही.

हा लेखाचा अभाव महत्त्वाचा आहे. 1898 मध्ये पिप्रहवा येथे सापडलेल्या करंडकावर ब्राह्मी लेख असून त्यात बुद्धांचा व शाक्यांचा उल्लेख येतो. वैशालीच्या करंडकावर तसे एक अक्षरही नाही. मग तो तथागतांच्या अस्थींचा कशावरून? डॉ. अळतेकरांचे उत्तर असे होते: स्तूप फार प्राचीन आहे व मूळ अवस्थेत मातीचाच आहे; तो वारंवार वाढविला गेला, म्हणजे त्याचा आदर पिढ्यान्‌पिढ्या टिकला; आणि प्राचीन काळीच कोणीतरी तो छेदून आत शिरल्याच्या खुणा त्यात दिसतात. युआन च्वांगने सातव्या शतकात लिहून ठेवले आहे की, अशोकाने वैशालीचा स्तूप उघडून बहुतांश धातू नेले व थोडा भाग मागे ठेवला. सुत्त, प्रवासवृत्त आणि माती या तिन्हींचा मेळ बसतो. हा निष्कर्ष बलवान आहे. तरीही तो अनुमानावर उभा आहे, आणि अनुमान म्हणूनच तो मांडला पाहिजे. कालामांना ‘ऐकीव आहे म्हणून मानू नका’ असे सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. पुरावा कोणत्या पायऱ्यांनी निष्कर्षापर्यंत पोचला, हे उपासकाला समजल्याने त्याच्या आदरात उणेपणा येईल, असे आम्हांस वाटत नाही. पुराव्याविना गिळलेली श्रद्धा उद्या कोणीही हिरावून घेऊ शकतो.

हा करंडक 1972 पासून पाटणा संग्रहालयात होता. 1917 साली स्थापन झालेले हे संग्रहालय पाटणेकरांच्या तोंडी ‘जादूघर’ म्हणूनच राहिले. करंडकाच्या दालनासाठी वेगळे व जास्त दराचे तिकीट घ्यावे लागे. ज्या धातूंसाठी गण आणि राजे भांडले त्यांच्या दर्शनाला दर लावावा, ही व्यवस्था आम्हांस कधीच रुचली नाही. मोलमजुरी करून धम्मयात्रेला निघालेल्या उपासिकेला ती किती जड जात असेल! मात्र संग्रहालयाच्या पदरात एक श्रेय घातलेच पाहिजे. त्या छपराखाली करंडक इतर पुराव्यांच्या शेजारी होता: मौर्य पाटलिपुत्राचे अवशेष तेथे होते, मगधाची शिल्पे होती, आणि राहुल सांकृत्यायनांनी तिबेटच्या खडतर प्रवासांतून आणून संग्रहालयास दिलेली पटचित्रेही होती. एक छोटासा शंख अडीच हजार वर्षांच्या कोणत्या प्रवाहात बसतो, हे पाहणाऱ्याला तेथे उमगू शकत असे.

29 जुलै 2025 रोजी वैशाली येथे ‘बुद्ध सम्यक दर्शन संग्रहालय-सह-स्मृतिस्तूप’ याचे उद्घाटन झाले आणि धातू आपल्या मूळ भूमीत परतले. सुमारे 72 एकरांच्या परिसरात गुलाबी दगडाचा भव्य स्तूप उभा आहे. योगायोग असा की, दुसऱ्याच दिवशी, 30 जुलैला, परदेशात लिलावास काढलेली पिप्रहव्याची रत्ने भारतात परत आल्याची वार्ता आली. धातू वैशालीत परतले याचा आम्हांस आनंदच आहे. पण त्या वास्तूच्या नावात दोन शब्द एकत्र नांदतात, संग्रहालय आणि स्तूप. स्तूपासमोर लोक आपोआप हात जोडतील. त्यासाठी कोणाला कार्यक्रम आखावा लागणार नाही. संग्रहालयाचे काम मात्र मुद्दाम करावे लागते. अळतेकरांची ती तर्कमालिका, मातीच्या स्तूपाच्या वाढीची चित्रे, युआन च्वांगचा मजकूर, हे सारे साध्या हिंदीत, सहलीला आलेल्या शाळकरी मुलाला कळेल अशा रीतीने तेथे मांडले गेले पाहिजे. तसे झाले नाही तर 72 एकरांतही करंडक एकाकीच राहील.

पाटण्यातील दुसरे, नवे बिहार संग्रहालय 2015 मध्ये अंशतः व 2017 मध्ये पूर्णपणे खुले झाले. जपानी वास्तुशिल्पींनी रचलेल्या या इमारतीत जुन्या संग्रहालयातील प्राचीन वस्तूंचा मोठा भाग हलविण्यात आला आहे. दीदारगंजची यक्षी तेथेच आहे आणि बहुतेक प्रेक्षक तिच्यासाठी येतात. आम्ही आमच्या वाचकांस कुर्किहारच्या धातुमूर्तींपाशी थांबण्याची विनंती करू. गया जिल्ह्यातील या खेड्यात 1930 साली दोनशेहून अधिक धातुवस्तूंचा साठा सापडला. त्यांपैकी अनेकींवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि काही दाते थेट दक्षिणेतील कांचीहून आलेले आहेत. पालांच्या काळात तामिळ देशातून कोणीतरी मगधापर्यंत चालत येते आणि विहाराला मूर्ती अर्पण करते! आपल्या यात्रांना केवढी जुनी परंपरा आहे, याची याहून बोलकी साक्ष दुसरी नाही.

मुलांसाठी तेथे स्वतंत्र दालन केले, ही स्तुत्य गोष्ट आहे. पण ते उघडले तेव्हा त्यातील इतिहासाचे दोन भाग चंद्रगुप्त मौर्य व शेरशाह सूरी या दोन सत्ताधीशांभोवती रचलेले होते. बिहारच्या मुलांना राजे ठाऊक असावेतच. परंतु राजाविना चालणारा वज्जींचा गण हीही त्याच मातीची निर्मिती आहे. वज्जी एकत्र जमतात, एकत्र विचार करतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागत ज्यांच्याविषयी म्हणाले ते हे लोक. खेळातून शिकविण्यास गणसभेहून सोपा विषय कोणता? मुलांना वर्तुळात बसवावे, एक ठराव मांडावा, तीनदा विचारावे, मौन म्हणजे संमती धरावी. भिक्खुसंघाची हीच कार्यपद्धती, आणि संसदीय रीतीची जाण भारताला नवी नाही हे दाखविताना बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधानसभेत तिचाच दाखला दिला होता. संग्रहालयाने 2021 पासून दर दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय प्रदर्शन-मालिका भरविण्यास प्रारंभ केला आहे. एवढे सामर्थ्य असलेल्या संस्थेला हा एक खेळ जड जाऊ नये.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या आमच्या धम्मयात्रांत बोधगया, राजगृह, नालंदा, वैशाली, कुसिनारा ही स्थळे असतात. पाटणे मात्र गाडी बदलण्यापुरते. यात्रेच्या आयोजकांनी तेथे एक दिवस राखून ठेवावा. सकाळी बिहार संग्रहालय व जादूघर पाहून दुपारी गंगा ओलांडली की सायंकाळपर्यंत वैशालीत, करंडकासमोर पोचता येते. बसमध्ये महापरिनिब्बाण सुत्तातील अस्थिविभाजनाचा भाग मोठ्याने वाचला जावा. तो फार लांब नाही. आणि तो दिवस सोमवार नसावा, कारण सोमवारी पाटण्याची दोन्ही संग्रहालये बंद असतात.