ही ओळ आली कुठून?

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला एकच नाव अनेक ठिकाणी लिहिलं की काय होतं, याचं लांबचं उदाहरण लागत नाही. शहराच्या, ‘औरंगाबाद’ऐवजी आलेल्या, नव्या नावाला केंद्राची संमती २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली, विभाग, जिल्हा आणि तालुक्याची नावं त्याच वर्षी सप्टेंबरात बदलली आणि रेल्वे स्थानकाचं नाव २०२५च्या ऑक्टोबरात. बिहारमधला औरंगाबाद जिल्हा मात्र आहे तिथेच आहे. दिसेल तिथे शब्द बदलत सुटलेल्या एखाद्या उत्साही प्रोग्रामरने तोही मराठवाड्यात आणून ठेवला असता!

म्हणून प्रत्येक नाव एकाच फाइलीत लिहावं आणि बाकीच्या कॉन्फिगरेशन फाइलींनी ती ‘इन्क्लूड’ करावी, हा साधा उपाय. साधा दिसतो तोवरच. आत घेतलेल्या फाइलीचा पत्ता कुठून मोजायचा? गिट तो इन्क्लूड लिहिणाऱ्या फाइलीपासून मोजतं, अपाची ‘सर्व्हररूट’ या ठरलेल्या फोल्डरापासून. मला गिटची रीत पटते. अख्खं फोल्डर दुसरीकडे हलवलं तरी आतले पत्ते चुकत नाहीत.

खरी गंमत क्रमाची आहे. एकाच सेटिंगला दोन किंमती मिळाल्या, तर ओपनएसएसएच पहिली धरतं; सुडोमध्ये शेवटचा जुळणारा नियम चालतो. त्यामुळे फाइलीच्या नावाआधी १० किंवा ९० लिहिण्याचा अर्थ दोन्हीकडे नेमका उलटा. सुडोची आणखी एक तऱ्हा: तिथली इन्क्लूडची ओळ वर्षानुवर्षं हॅश चिन्हाने सुरू होत असे, म्हणजे हुबेहूब टिपणीसारखी दिसे. टिपणी समजून ती कुणी पुसली, तर दोष कुणाला द्यायचा? १.९.१ आवृत्तीपासून तिथे ‘@’ चालू लागलं. पण नियमांच्या फोल्डरातल्या एखाद्या फाइलीच्या नावात टिंब असेल, तर सुडो आजही ती मुकाट्याने वगळतो.

हा मुकाटपणाच मला सर्वांत खटकतो. अपाचीच्या २.४ आवृत्तीत साध्या ‘इन्क्लूड’ला फाइल सापडली नाही तर सर्व्हर सुरूच होत नाही, ती नसली तरी चालेल, असं म्हणायचं तर ‘इन्क्लूडऑप्शनल’ लिहावं लागतं. सवलत हवी असेल तर ती लिहून मागावी, हे योग्यच.

नवख्यांनी शेवटची किंमत कुठल्या फाइलीतून आली हे शोधण्यापासून सुरुवात करावी. गिट ते ‘शो-ओरिजिन’ या पर्यायाने सांगतं. ज्या प्रणालीत अशी सोय नाही, तिथे इन्क्लूड जपून वापरावं, असं माझं मत आहे. पुढची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत. हाताशी लिनक्स असलं की पुरे, प्रोग्रामिंग येण्याची अट नाही.

एक काम मात्र इन्क्लूडकडून होणार नाही. ते नेहमी आजचं नाव आणतं. २०१९च्या दाखल्याच्या प्रतीवर त्या दिवशीचंच नाव हवं. त्यासाठी नावासोबत तारीख जपावी लागते. शेवटचं प्रकरण त्याबद्दल आहे.