गाडी किती चाललीय?

जुनी गाडी बघायला गेलात की तुमचा पहिला प्रश्न कुठला असतो? ‘किती चाललीय?’ मीही तोच विचारला होता. दोन वर्षांपूर्वी मी चौदा वर्षं जुनी एक लक्झरी सेडान बघितली. मीटरवर फक्त ४८ हजार किमी. मालक म्हणाले, ‘सोसायटीत झाकूनच उभी असायची.’ मला वाटलं, लॉटरी लागली!

पहिल्याच उन्हाळ्यात कूलंटचा पाईप फुटला. मग सस्पेन्शनचे बुश गेले, मग ऑईल गळायला लागलं. आठ महिन्यांत दुरुस्तीचा खर्च गाडीच्या निम्म्या किमतीवर गेला. गॅरेजवाले काका म्हणाले, ‘अहो, ही चालून नाही, उभी राहून खराब झालीय.’ ते वाक्य डोक्यात बसलं आणि मी खूप चाललेल्या गाड्यांचा इतिहास वाचायला लागलो. आज त्यातल्या दोन गाड्यांची गोष्ट.

पहिली आहे ग्रीसमधली. थेसालोनिकीचे टॅक्सीवाले ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी १९८१ मध्ये १९७६ सालची मर्सिडीज २४० डी घेतली. तीही जुनी, २.२ लाख किमी चाललेली. २००४ मध्ये त्यांनी ती कंपनीला दिली, तेव्हा आकडा होता ४६ लाख किमी! म्हणजे चंद्रावर सहा वेळा जाऊन परत येण्याइतकं अंतर. ती गाडी आज कंपनीच्या संग्रहात आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, हे सगळं एकाच इंजिनावर झालेलं नाही. साचिनिदिस जादा इंजिनं ठेवायचे. एक उतरवून दुसरं बसवायचं, उतरवलेलं दुरुस्त करायचं. टॅक्सी थांबली की कमाई थांबते, त्यामुळे बंद पडायच्या आधीच काम करून घेणं त्यांना भाग होतं.

दुसरी गाडी लेक्सस एलएस ४००. १९८३ मध्ये टोयोटाचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी आपल्या लोकांना विचारलं, जगातल्या सर्वोत्तम गाडीला टक्कर देईल अशी गाडी आपल्याला बनवता येईल का? मुख्य इंजिनिअर इचिरो सुझुकी यांच्या टीमने सुमारे ४५० प्रोटोटाइप बनवले आणि १९८९ मध्ये गाडी अमेरिकेत विक्रीला आली. ४ लिटरचं व्ही-८ इंजिन, आणि इतकं शांत की जाहिरातीत चालू गाडीच्या बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचून दाखवला होता.

२०१४ मध्ये मॅट फेरा या अमेरिकन मोटर पत्रकाराने १९९६ ची एलएस ४०० घेतली. तेव्हा ती ८,९७,००० मैल, म्हणजे साधारण १४.४ लाख किमी चाललेली होती. २०१९ मध्ये तिने दहा लाख मैल पार केले.

मग हिला मरण नव्हतं का? होतं की! या मॉडेलचा पॉवर स्टिअरिंगचा पंप गळतो आणि ते तेल खालच्या अल्टरनेटरवर पडून तोही जातो, हे दुखणं मेकॅनिक लोकांना पाठ आहे. टायमिंग बेल्ट साधारण दीड लाख किमीला बदलावाच लागतो. उत्तम बनवलेली गाडीसुद्धा वेळ मागते आणि पैसेही मागते.

आता काकांच्या वाक्याकडे येऊ. इंजिनाची झीज सर्वात जास्त होते ती थंड इंजिन सुरू करताना. हायवेवर तासन्‌तास एका वेगात चालणाऱ्या गाडीला प्रत्येक किलोमीटरमागे असे स्टार्ट फार कमी पडतात. उलट दूध आणायला दोन किमी जाणाऱ्या गाडीचं ऑईल नीट गरमच होत नाही, त्यातला ओलावा आतच राहतो. आणि रबर? सील, पाईप, बुश हे किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. माझी गाडी झाकून ठेवली होती, पण आतलं रबर म्हातारं होतच होतं.

अजून एक सापळा सांगतो. लक्झरी गाडीची किंमत दहा वर्षांत पार खाली येते, पण पार्टची किंमत खाली येत नाही. आपण गाडी हॅचबॅकच्या भावात घेतो आणि बिल मात्र लक्झरीचं भरतो. मला हे पैसे गेल्यावर कळलं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सर्व्हर पाच वर्षं चालला म्हटलं की कौतुकाच्या आधी आम्ही लॉग बघतो: कधी काय बदललं, कोणी बदललं? गाडीचा लॉग म्हणजे सर्व्हिस हिस्ट्री. मीटर मागे फिरवता येतं. पंधरा वर्षांची, तारखांसकट ठेवलेली बिलं खोटी बनवणं त्यापेक्षा खूप अवघड.

म्हणून सगळी बिलं असलेली दोन लाख किमीची गाडी आणि एकही बिल नसलेली ४८ हजारांची गाडी समोर असेल, तर आता मी आधी पहिलीकडे जाईन. ‘किती चाललीय’ नंतर विचारेन. आधी विचारेन, ‘काय काय बदललंय, आणि कधी?’

माझी सेडान अजून माझ्याकडेच आहे. दर रविवारी तिला तासभर हायवेवर नेतो. ग्लव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवलीय, त्यात प्रत्येक काम तारखेसकट लिहितो. पुढच्या मालकाला तरी माझ्यासारखं फसायला नको.

तुमच्या घरातली सर्वात जास्त चाललेली गाडी कुठली? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!