खाडीपलीकडची छावणी

ऐरोलीवरून मुलुंडला आता पुलावरून दहा मिनिटांत जाता येतं. पूल नव्हता तेव्हा होडीने खाडी ओलांडायची, चिखलात उतरायचं आणि मिठागरांच्या बांधावरून चालत जायचं. माझी आजी 1946 सालच्या उन्हाळ्यात अशी चारपाच वेळा गेली. डोक्यावर टोपली, टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकी मासळी. मुलुंडला सरकारने एक छावणी केली होती आणि तिथे तिचा मुलगा, म्हणजे माझे बाबा, तारेच्या आत होते. पहाऱ्यावरचा माणूस तिला आत सोडत नसे. टोपली मात्र एकदा घेतली म्हणतात. भाकरी बाबांपर्यंत पोचली की पहारेकऱ्याच्या पोटात गेली, हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. बाबांना विचारलं तर ते नुसते हसायचे.

बाबा नाविक होते. रॉयल इंडियन नेव्ही. आमच्या खाडीकाठच्या पोराला पाण्याचं भय नसतं, त्यामुळे 1943 साली ठाण्याला भरती चालू आहे असं ऐकून ते गेले. वय अठरा. घरात खाणारी तोंडं अकरा आणि शेत खाऱ्या जमिनीचं. बांध फुटला की समुद्राचं पाणी आत, मग तीन वर्षं भात नाही. महिन्याला रोख पगार मिळतो, यापलीकडे त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. देशासाठी गेले वगैरे मी लिहिणार नाही. युद्धाआधी या आरमारात दोन हजाराच्या आतबाहेर माणसं होती, ती 1945 पर्यंत पंचवीस हजारांच्या वर गेली. ही सगळी पोरं अशीच आली होती. पंजाबची, मद्रासची, मलबारची, बंगालची, आपल्या कोकणातली. भरतीच्या वेळी सांगितलं होतं एक, आत गेल्यावर दिसलं दुसरं. गोऱ्या नाविकाला पगार वेगळा, जेवण वेगळं, झोपायची जागाही वेगळी. यांच्या ताटात खडे असलेला भात आणि पाणी झालेली डाळ. वर साहेबाच्या शिव्या.

पुढचा इतिहास पुस्तकांत आहे, पण शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींच्या वर नसतो, म्हणून थोडा सांगतो. कुलाब्याला 'तलवार' नावाचं आरमाराचं बिनतारी संदेश शिकवायचं केंद्र होतं. नाव जहाजासारखं, पण होतं जमिनीवर. तिथे बी. सी. दत्त नावाच्या बंगाली नाविकाने भिंतींवर 'चले जाव'च्या घोषणा लिहिल्या म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याला पकडलं. तिथला वरचा अधिकारी कमांडर किंग पोरांना आईबापावरून बोलायचा. 18 फेब्रुवारी 1946, सोमवार. सकाळी पोरांनी जेवण नाकारलं. जेवण नाही तर काम नाही. दोन दिवसांत हा वणवा मुंबईच्या बंदरातल्या जहाजांवर आणि तिथून कराची, कलकत्ता, मद्रास असा पसरला. 78 जहाजं, 20 किनाऱ्यावरची ठाणी आणि सुमारे वीस हजार नाविक. पोरांनी आपली समिती नेमली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. जहाजांवर काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तीन झेंडे एका वेळी चढले. पुढच्या दीड वर्षात या देशात काय झालं ते आठवलं म्हणजे या तीन झेंड्यांचं मोल कळतं.

बाबा त्या वेळी कॅसल बॅरॅक्समध्ये होते. फोर्टात, टाऊन हॉलच्या मागे. तिथेच आज नौदलाचं 'आंग्रे' आहे. ज्या कान्होजींनी इंग्रजांच्या नाकात दम आणला त्यांचं नाव इंग्रजांच्याच जुन्या किल्ल्याच्या जागेला मिळालं, ही गोष्ट बाबांना फार आवडायची. ती सांगताना ते मांडीवर थाप मारायचे.

21 तारखेला बॅरॅक्सला वेढा पडला. आधी दारावर पहाऱ्याला उभे केले ते आपलेच, मराठा पलटणीचे शिपाई. बाबा सांगायचे, एक शिपाई गजांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "कुठल्या गावचा रं तू?" बाबा म्हणाले, "खाडीपल्याडचा, ठाण्याकडला." तो म्हणाला, "मी साताऱ्याचा. गोळी सुटली तर डोकं खाली घे." थोड्या वेळाने हुकूम झाला आणि गोळी सुटलीच. ही माणसं मनापासून नेम धरत नाहीत हे साहेबांच्या ध्यानात आलं असावं, कारण पुढे गोरे सैनिक आणले. मग आतल्या पोरांनी शस्त्रागार फोडलं आणि काही तास दोन्हीकडून गोळीबार चालला. बाबांनी बंदूक चालवली का, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, बैलाला पाणी पाजायला निघून गेले.

एक गोष्ट ते न विचारता सांगायचे. बंदरातल्या जहाजांवरचं अन्न सरकारने तोडलं होतं, तेव्हा मुंबईची माणसं गेटवेपाशी खाण्याची पुडकी घेऊन आली. इराण्यांनी हॉटेलं उघडी टाकली, न्या म्हणाले काय हवं ते. होड्यांतून पाव, फळं, दूध जहाजांकडे गेलं. 22 तारखेला गिरण्या बंद, शहर बंद. त्या दोनतीन दिवसांत लष्कराच्या गोळ्यांनी मुंबईत दोनशेच्या वर माणसं मेली. परळला कमल दोंदे नावाची बाई गोळी लागून गेली. ही माणसं आरमारातली नव्हती. नाविकांच्या पोटासाठी, नाविकांच्या मानासाठी रस्त्यावर आलेली साधी माणसं. बाबा म्हणायचे, "आमी वाचलो, तेंचा काय गुना?"

सरदार पटेल मुंबईत होते. त्यांनी निरोप पाठवला की शस्त्रं खाली ठेवा, कुणावर सूड घेतला जाणार नाही यासाठी काँग्रेस आपलं वजन खर्च करेल. लीगचंही तसंच सांगणं होतं. रात्रभर वाद झाला आणि 23 तारखेला पहाटे काळे बावटे चढले. मी पटेलांना दोष देत नाही. उद्या आपलं राज्य येणार आणि आज फौजच हुकूम मोडायला लागली, तर राज्य चालवणाऱ्याला धडकी भरणारच. पण सूड मात्र घेतला गेला. शेकडो पोरं छावण्यांत गेली, मुलुंडची त्यातलीच एक. 476 जणांना काढून टाकलं. ज्याला त्याला त्याच्या गावचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट. कुणाला लाहोरचं, कुणाला त्रिचीचं. बाबांचं तिकीट ठाण्याचं. ते म्हणायचे, "एवढी लढाई केली नि तिकीट मिललं दीड वीत."

स्वातंत्र्य आलं तरी या पोरांना कुणी परत घेतलं नाही. हिंदुस्थानच्या आरमाराने नाही, पाकिस्तानच्याही नाही.

बाबा परत आले आणि मिठागरावर लागले. नंतर वडिलांच्या वाट्याची खाचरं कसू लागले. माझ्या लहानपणी घरात त्यांच्या नोकरीची एकही खूण नव्हती. टोपी नाही, पदक नाही, फोटो नाही. पट्ट्याचं एक पितळी बक्कल होतं, ते आईने एका दुष्काळी साली भांडीवाल्याला दिलं. खुणा होत्या त्या अंगात. कपड्याची घडी अशी घालायचे की धोतरसुद्धा वहीसारखं दिसायचं. बैलाच्या दाव्याला अशी गाठ मारायचे की बैलाने कितीही ओढलं तरी ती आवळायची नाही आणि माणसाने एका बोटाने सोडली की सुटायची. गावातल्या कोळ्यांना गाठी काय कमी येतात? पण तेही म्हणायचे, ही गाठ आपल्यातली नाही. आणि भात. आमच्या घरी लावणीला बाया आल्या की त्यांच्यासाठीचे तांदूळ बाबा स्वतः निवडत बसायचे. पुरुषमाणूस सूप घेऊन ओटीवर बसलेला बघून लोक हसायचे. आईने एकदा सांगून पाहिलं, नंतर नाद सोडला. दुसऱ्याच्या ताटात खडा जाता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी जाणार हे कळलं. आमच्या गावात एक साहेब मीटिंगला आले होते. पोरांना नोकऱ्या मिळतील, गावाचं सोनं होईल असं बोलले. टाळ्या पडल्या. बाबा मागून उठले आणि म्हणाले, "हे लिवून देता का?" साहेब म्हणाले, आजोबा, विश्वास ठेवा. बाबा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते, आजोबा म्हटल्याचा राग आला असेल. पण ते एवढंच बोलले, "इस्वास मी एकदा ठेवलाय. आता कागद." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही, मी अकराबारा वर्षांचा पोर. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, त्या रात्री बाबा झोपले नाहीत. पहाटे मला म्हणाले, "गोली घालनारे पन शेतकऱ्यांचीच पोरं." त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ती कागदावर आली, म्हणून टिकली.

1972 साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केलं. 1946 च्या नाविकांनाही ते मिळू लागलं. कुणीतरी सांगितलं म्हणून बाबा एका कार्यालयात गेले. तिथे विचारलं, तुरुंगाचा दाखला आहे का? छावणीचा दाखला कोण देणार? मग म्हणाले, बरोबरच्या कैद्याचा दाखला आणा. बाबांच्या शेजारी झोपणारे दोघे. एक चितगावचा, एक रावळपिंडीचा. एक तोवर बांगलादेशात, एक पाकिस्तानात. जिवंत असले तर. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "माझे साक्षीदार परदेशी झाले." आणि पुन्हा त्या कार्यालयाची पायरी चढले नाहीत. पेन्शन मिळालं असतं तर मला दहावीनंतर शाळा सोडावी लागली नसती, असं आई म्हणायची. असेलही.

1989 च्या पावसाळ्यात ते गेले. दोनच दिवस आजारी होते. गावात लष्करातून निवृत्त झालेला एक माणूस त्याच्या आधी वर्षभर वारला होता, त्याच्यावर तिरंगा घातला होता, त्याच्या पलटणीतली दोन माणसं आली होती. बाबांना आम्ही आमच्या रीतीने नेलं. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय शेती. तेही खरंच आहे.

कुलाब्याला एका बागेत नाविक उठावाचं स्मारक उभं आहे, मी जाऊन बघितलं. नौदलाने दोन टगना मदन सिंग आणि बी. सी. दत्त अशी नावं दिली. टग म्हणजे मोठ्या जहाजाला दोर लावून धक्क्यावर आणणारी छोटी बोट. कुणी म्हणेल, नाव द्यायचं तर युद्धनौकेला द्यायचं. मला टगच बरी वाटते.

तीनचार वर्षांपूर्वी आमच्या गावच्या तरुणांनी ठरवलं की देवळाजवळ गावातल्या सैनिकांचा फलक लावायचा. सहासात नावं निघाली. मी बाबांचं नाव दिलं. एक जण म्हणाला, काका, ते तर काढून टाकलेले, माजी सैनिक कसे? पोरगा वाईट नव्हता, नियमाचं बोलत होता. सरकारी नियमाने त्याचं बरोबरच आहे. बैठकीत गडबड झाली. तेव्हा कोळीवाड्यातली एक म्हातारी, ऐंशीच्या पुढची, भिंतीला टेकून बसली होती, ती बोलली. म्हणाली, "याची आजी आमच्याच होडीतशी जायची भाकऱ्या घेऊन मुलुंडला. माझा बापूस वल्ही मारी. पैसं नाय घेतलं त्याने कदी. ते काय चोराच्या आयशीला नेत व्हता?" कुणी पुढे काही बोललं नाही.

फलकावर चार रकाने आहेत. नाव, दल, भरती, निवृत्ती. बाबांचं नाव सगळ्यात शेवटी आहे, पेंटरने दल 'नौदल' आणि भरती 1943 असं रंगवलं. शेवटच्या रकान्यात काय लिहू, असं त्याने मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, 1946 लिही. तो म्हणाला, फक्त साल? मी म्हटलं, हो, फक्त साल.