तहान आणि चारा : पाणवठ्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

उन्हाळ्यात नाले आटले की रानातल्या जनावरांसाठी पाण्याची सोय करावी, याला कोणाची हरकत असणार? तहानलेल्याला पाणी देणे आपल्याकडे पुण्याचे मानले जाते, आणि हा भाव केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. त्यामुळे कोरड्या प्रदेशांतल्या राष्ट्रीय उद्यानांत कूपनलिका खणणे, पवनचक्क्या उभारणे, हौद भरणे ही कामे विसाव्या शतकात जगभर सुरू झाली, तेव्हा त्यांची फारशी चिकित्सा कोणी केली नाही. चिकित्सा सुरू झाली ती दुष्काळात मेलेल्या जनावरांची मोजदाद झाल्यावर. या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याने, वनाधिकाऱ्याने किंवा हौशी निसर्गप्रेमीने सुरुवात तिथूनच करावी.

केनियातल्या त्सावो उद्यानात १९७०-७१च्या दुष्काळात सुमारे ६,००० हत्ती मेले. मेलेल्यांत माद्या आणि पिल्ले यांचे प्रमाण मोठे होते, आणि हे मृत्यू प्रामुख्याने कायम पाणी असलेल्या भागांच्या आसपास झाले. म्हणजे पाणी होते. संपला होता तो चारा. पिल्लाला रोज पाणी लागते, त्याला फार लांब चालवत नाही आणि आई त्याला टाकून जात नाही. त्यामुळे पाण्यापासून चालण्याच्या टप्प्यातला पाला संपला की सगळ्यात आधी कोंडी होते ती लेकुरवाळ्या मादीची. एकटा नर मात्र दूरवर चरून परत येऊ शकतो.

मला या विषयात सांगण्यासारखे जे वाटते ते एवढेच आहे : कोरड्या मुलखात पाणवठ्याची जागा ठरवणे म्हणजे कुठला चारा कधी आणि कोण खाणार, हे ठरवणे. पाऊस पडतो तेव्हा जनावरे डबक्या-डबक्यांच्या आधाराने दूरवर पांगतात. डबकी आटली की ती नदीकडे सरकतात आणि मागे राहिलेल्या गवताला उसंत मिळते. हाच उरलेला चारा वाईट वर्षी उपयोगी पडतो. तिथे बारमाही पाणी आणून सोडले की ही शिल्लक चांगल्या वर्षांतच खर्ची पडते.

हे डोळ्यांनी पाहता येते. उन्हाळ्यात एखाद्या जुन्या पाणवठ्यापाशी उभे राहा आणि एकाच दिशेने चालू लागा. आधी खुरांनी कुटलेली धूळ आणि लेंड्या-शेणाचा थर लागतो. इथे काहीच उगवत नाही. पुढे जनावरे तोंड लावत नाहीत अशी झुडपे, तण, आणि पाण्याकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या धावणाऱ्या पायवाटा. मग खुडलेले, आखूड गवत. खाण्याजोगे, उंच, बहुवर्षायू गवत बरेच दूर गेल्यावर भेटते. ऑस्ट्रेलियाच्या मेंढ्यांच्या कुरणांवर काम करणाऱ्या लँग यांनी १९६९ मध्ये या वर्तुळाचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ‘पायोस्फिअर’ हे नाव दिले. पाणवठे एकमेकांच्या जवळ आले की ही वर्तुळे एकमेकांना भिडतात, आणि दोन पाणवठ्यांमधले ते उंच गवत नाहीसे होते.

याचा सर्वांत बोलका धडा दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानाने दिला. त्यावर थोडे थांबणे भाग आहे. १९२६ साली स्थापन झालेल्या या सुमारे २०,००० चौरस किलोमीटरच्या उद्यानात १९३०च्या दशकापासून पाण्याची मोहीम सुरू झाली. पुढे पाळीव गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून पश्चिम सीमेवर कुंपण घातले गेले. १९६१ पर्यंत ते पूर्ण झाले आणि विल्डबीस्ट या चरणाऱ्या हरणांच्या हंगामी स्थलांतराची वाट बंद झाली. वाट अडवल्यावर आत पाणी देणे अधिकच आवश्यक वाटू लागले, आणि त्या काळच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. कूपनलिकांची संख्या काळाच्या ओघात ३००च्या घरात गेली, शिवाय पन्नासेक बंधारे.

उद्यानाच्या उत्तरेला बेसाल्टची मैदाने आहेत. आपल्या दख्खनसारखाच काळा कातळ, पण वर मोपाने नावाच्या झुडपांचे रान. तिथे रोन नावाचे मोठे, देखणे हरीण राहते. मुळातच विरळ असणारा हा प्राणी आपले पाडस उंच गवतात लपवतो. पाणी आल्यावर तिथे झेब्रे आणि विल्डबीस्ट येऊन स्थिरावले, त्यांच्यामागे सिंह आले आणि लपण्यापुरते गवतही उरले नाही. १९८६ मध्ये ४५०च्या आसपास असलेले रोन १९९३ पर्यंत ४५च्या आसपास आले. १९९४ मध्ये त्या भागातले काही पाणवठे बंद करण्यात आले. झेब्रे ओसरले, पण रोन मात्र पुन्हा वाढले नाहीत. दुर्मीळ प्राण्याला मदत व्हावी म्हणून आणलेल्या पाण्याने त्याचेच नुकसान केले, आणि पाणी काढून घेतल्यावरही ते भरून आले नाही, हा निष्कर्ष मला आजही अस्वस्थ करतो. पुढे क्रूगरने बहुतेक कूपनलिका बंद केल्या. शेजारच्या क्लासेरी या खासगी अभयारण्यात पाणवठे फार दाट होते. १९८२-८३च्या दुष्काळात तिथे चरणाऱ्या जनावरांचे मृत्यू क्रूगरपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात झाले. परिसंस्थांचे अभ्यासक ब्रायन वॉकर, नॉर्मन ओवेन-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुष्काळाची केलेली तुलना प्रत्येकाने आवर्जून वाचावी.

पण यावरून ‘पंप बंद करा’ असा सरसकट आदेश निघत नाही. झिंबाब्वेमधल्या ह्वांगे उद्यानात बारमाही नदीच नाही. १९२८ साली हे रान प्रथम राखीव झाले तेव्हा तिथे हत्ती थोडे होते. कूपनलिकांच्या पाण्यावर ते हजारोंनी वाढले. आज कोरड्या दिवसांत हे कळप पंपांवरच जगतात. पंप चालू ठेवले तर झाडोरा उद्ध्वस्त होतो, बंद केले तर डोळ्यांदेखत जनावरे मरतात. २०१९च्या दुष्काळात पंप चालू असूनही झिंबाब्वेत, मुख्यतः ह्वांगेत, २००हून अधिक हत्ती मेले. एकदा पाणी देऊ केले की ते मागे घेण्याचा हिशेबही देणाऱ्यालाच मांडावा लागतो.

महाराष्ट्रातला प्रश्न वेगळा आहे, आणि आफ्रिकेतले निष्कर्ष इथे जसेच्या तसे चिकटवू नयेत. आपली अभयारण्ये लहान, भोवती गावे, शेते आणि खोल गेलेल्या विहिरी. जुने डोह आणि झिरे माणसांच्या व गुरांच्या वापरात गेले आहेत. अशा ठिकाणी जंगलात पाणी नसले तर सांबर आणि बिबट्या दोघेही गावाकडे वळतात. म्हणून ताडोबासारख्या जंगलात सौरपंपांवर भरणाऱ्या पाणवठ्यांना सबळ कारण आहे. याउलट मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर बराच काळ निभावू शकतो. तिथल्या पाणवठ्याचा लाभ चिंकाऱ्यापेक्षा भटक्या कुत्र्यांना अधिक होत नाही ना, हे तपासल्याशिवाय टँकर पाठवू नये. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून केलेली प्राण्यांची मोजणी वाचतानाही हेच भान हवे : पाणवठे वाढले की एकच जनावर दोन ठिकाणी मोजले जाऊ शकते, आणि पाण्यावर क्वचितच येणारे जनावर निसटते.

बांधणीचा तपशीलही या शास्त्राचाच भाग आहे. उभ्या कडांच्या हौदात पडलेली घोरपड किंवा साळिंदराचे पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. बशीसारखा उथळ, खडबडीत उतार असेल तर मधमाशीसुद्धा काठावर बसून पाणी पिते. साचलेले पाणी रोग पसरवू शकते. एकाच जागी ठरल्या वेळी येणारी जनावरे शिकाऱ्याला आयती सापडतात, आणि पाण्यात विष कालवण्याचे प्रकार आपल्याकडेही घडले आहेत.

म्हणूनच इथे गवताची ओळख असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ, भूजलतज्ज्ञ, पशुवैद्य आणि पंप दुरुस्त करणारा मिस्त्री या सगळ्यांची गरज आहे. कोणत्या पाणवठ्याभोवतीचे गवत कोणत्या महिन्यात संपते, हे रोज तिथून चालणारा वनमजूर सांगू शकतो. ही माहिती वर्षानुवर्षे एकाच वहीत, एकाच पद्धतीने लिहिली गेलेली मात्र फार थोड्या ठिकाणी सापडते. नव्याने येणाऱ्याने अशी एक वही सुरू करावी. पाणवठा एक, दिशा चार, ठरावीक अंतरावर खुंट्या. पावसाळ्यानंतर एकदा आणि मेअखेर एकदा गवताची उंची, जाती आणि लेंड्यांची नोंद. नवा हौद बांधायचा असेल तर ही नोंद बांधकामाच्या निदान दोन वर्षे आधी सुरू व्हायला हवी.