काचेच्या गोट्या, जुन्या
संग्रहासाठी जमवल्या जाणाऱ्या, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घडवलेल्या खेळाच्या काचगोळ्या. हस्तनिर्मित गोट्यांचे प्रमुख केंद्र जर्मनीतील थुरिंगियाचे लाउशा गाव. तेथे 1840 च्या दशकात गोट्या कापण्याची खास कात्री प्रचारात आली. रंगीत धाग्यांची तापलेली कांब पिळून या कात्रीने तिचे गोळे तोडत (→ काच). तोडीच्या जागी राहणारा खरबरीत किंवा घासलेला व्रण ही हस्तनिर्मितीची सर्वांत भरवशाची खूण होय. यंत्रनिर्मित गोटीवर तो नसतो. आतील जाळीदार गाभा, कांद्याच्या पापुद्र्यासारखे पट्टे, ताम्रकणांची चमक किंवा पांढरी प्राणिमूर्ती यांवरून प्रकार ठरतात. अमेरिकेत ओहायोतील अ‍ॅक्रन येथे मार्टिन क्रिस्टेन्सन यांनी गोटीयंत्राचे पेटंट 1905 मध्ये मिळवले; पहिल्या महायुद्धाने जर्मन आयात थांबल्यावर अमेरिकी कारखाने वाढले. मूल्य आकार, दुर्मीळता आणि विशेषतः पृष्ठभागाच्या स्थितीवर अवलंबून असते. पुन्हा घासून चकाकवलेल्या गोटीचे मूल्य घटते. युरेनियमयुक्त काच अतिनील प्रकाशात हिरवी चमकते, पण तेवढ्यावरून वय ठरत नाही. भारतातील गोटी-सोड्याच्या बाटलीतील गोटी मात्र वेगळी: ती हायरम कॉड यांच्या बाटलीचे बूच असून तिच्यात सहसा नक्षी नसते (→ सोडावॉटर).